नाव वगळा, पण आम्हाला वगळू नका

गेल्या काही वर्षांत आपण बायकांनी जेवढे फॉर्म भरले, तेवढे आपल्या आईनं आणि सासूनं मिळून भरले नसतील. आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. झेरॉक्सवाल्यांची चलती आहे म्हणायची! आशाताई येतात, अंगणवाडीताई येतात, शाळेतून सर्व्हे करायला बाई येतात. त्यात आता जनगणनेची भर. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली आणि आता २०२७ची म्हणून होते आहे. यावेळी माहिती मोबाइलवर भरायची आणि जातीचीही नोंद व्हायची.

एवढी माहिती आपण देतो, ती जाते कुठे? आणि तिचं होतं काय?

याचं एक उत्तर आपल्याला लाडक्या बहिणीनं दिलं. जुलै २०२४ मध्ये ही योजना सुरू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १५०० रुपये. सेतू केंद्रांसमोरच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. वर्षभरानं, जुलै २०२५ मध्ये, महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलं की, वेगवेगळ्या खात्यांची माहिती ताडून पाहिल्यावर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी निकषात न बसणारे दिसले आणि जूनपासून त्यांचा हप्ता तात्पुरता थांबवला आहे. कुणी एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेत होतं, कुठे एकाच घरात दोनपेक्षा जास्त अर्ज होते, काही अर्ज तर चक्क पुरुषांचे निघाले. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये ई-केवायसी आलं.

पैसे कुणाचे थांबले, बरोबर थांबले की चूक, यावर गावोगाव भरपूर बोलून झालंय. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारच्या निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींना जोडता येतात, हे या निमित्तानं सिद्ध झालं. चारचाकी कुणाच्या दारात आहे, हे शोधायला त्या जोडता येतात. मग त्याच याद्या जोडून हेही शोधता येईल ना, की या १५०० रुपयांनी बाईच्या ताटात काय वाढलं? तिच्या अंगात रक्त वाढलं का? पोटातल्या बाळाचं वजन वाढलं का? थोरली मुलगी दहावीनंतर कॉलेजात गेली का?

हे शोधणं तहसील कचेरीचं काम नाही. हे विद्यापीठांचं काम. आणि त्यासाठी विद्यापीठांना ती जोडलेली माहिती मिळायला हवी. द्यावी की देऊ नये, कशी द्यावी, हा आज जगभर चर्चेचा विषय आहे. ऐकायला तो फार लांबचा वाटतो, पण तो थेट आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबतो.

जोडलेली माहिती म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत बघू. समजा, एक बाई आहे. तिच्या बाळंतपणाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात. बाळाचं वजन अंगणवाडीत. धान्य रेशन दुकानाच्या मशीनमध्ये. रोजगार हमीचं जॉबकार्ड ग्रामपंचायतीत. मोठ्या मुलाची हजेरी शाळेत. तिचं ऑपरेशन झालं असेल तर त्याची फाइल तालुक्याच्या खासगी दवाखान्यात. प्रत्येक रजिस्टरला तिचा एकेक तुकडा ठाऊक. आख्खी बाई कुणालाच दिसत नाही. अंगणवाडीताईंशी बोलताना मी एक तक्रार कायम ऐकत आलेय, की माहिती वर जाते, खाली काहीच येत नाही. पूर्वी रजिस्टरांची थप्पी होती, २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. थप्पी मोबाइलमध्ये गेली, तक्रार मात्र तीच राहिली.

आख्खी बाई दिसली नाही की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीड.

२०१९च्या उन्हाळ्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांच्या बातम्या आल्या आणि सगळे हादरले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे शंभरातल्या जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीन-साडेतीन होतं. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी, म्हणून काटेकोर तुलना करू नये. पण एवढी मोठी तफावत नुसत्या पद्धतीमुळे येत नसते.

एवढं होईपर्यंत कुणाला कळलं कसं नाही? ती बाई कुठल्या वहीत होती, ते बघा. दसरा-दिवाळीनंतर ती गाव सोडते. अर्धं वर्ष पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. गावच्या अंगणवाडीच्या लेखी ती स्थलांतरित. कारखान्याचा हिशेब कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या नावावर. एक दिवस पाळीच्या त्रासानं घरी राहिली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. ऑपरेशन खासगी दवाखान्यात, कर्ज काढून. कारखान्याला ऊस किती टन आला ते माहीत. दवाखान्याला बिल माहीत. मुकादमाला उचल माहीत. त्या बाईचं दुखणं मात्र कुठल्याच एका कागदावर नव्हतं. या सगळ्या वह्या कुणी पाच वर्षं आधी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर कितीतरी जणींचं ऑपरेशन टळलं असतं. नंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना गर्भाशय काढण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण वरातीमागून घोडं!

कुणी म्हणेल, एवढी मोठी राष्ट्रीय पाहणी होते, ती काय कामाची? ती फार मोलाची आहे. आपल्या मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे तिचं काम असतं, आणि नावं काढलेली माहिती जगभरच्या अभ्यासकांना मिळते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ४८ बायकांमध्ये रक्त कमी होतं, ते पुढच्या फेरीत ५४ वर गेलं, हे आपल्याला तिच्यामुळेच कळलं. पण पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६ लाख ३६ हजारांवर घरं होती. म्हणजे जिल्ह्याला सरासरी नऊशे. नऊशे घरांच्या चाळणीतून धारूरच्या एका तांड्यावरची बाई सापडायची नाही. ती सापडेल रोजच्या रजिस्टरांतच.

नोंदी नीट ठेवल्या, एकत्र ठेवल्या आणि अभ्यासू माणसांच्या हाती दिल्या तर काय होतं, हेही महाराष्ट्रानंच दाखवलंय.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जे छापलं, त्यानं जगाचे डोळे उघडले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. ‘बायकांना काय, बाळंतपण सोडून काही होत नसतं’ हा समज त्या आकड्यानं मोडला. पुढे ३९ गावांत जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये जगासमोर आलं आणि २०११ मध्ये देशानं ती पद्धत स्वीकारली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाला वजनकाट्यात ठेवते, ती त्या गावांतल्या बायकांनी दिलेल्या माहितीची पुण्याई आहे.

दुसरं उदाहरण पुण्याजवळचं. सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाबरोबर १९९३ पासून सुरू केला. आई काय खाते, किती राबते, बाळ किती वजनाचं होतं, सगळं लिहून ठेवलं. आपली बाळं पावणेतीन किलोच्या आत, तिकडची साडेतीन. पण आपल्या किडकिडीत बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानानं जास्त, आणि पुढे मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होत असावी, असं निघालं. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त खात होत्या, त्यांची बाळं बाळसेदार होती. ती मुलं तरुण होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. एकदाच विचारून हे कधीच कळलं नसतं.

आता लाडक्या बहिणीकडे परत येऊ. बाईच्या हातात थेट पैसे दिले तर काय होतं, हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतानं तपासून पाहिलं. तिथे २००१ पासून गरीब गरोदर बायकांना शेवटच्या सहा महिन्यांत महिना जास्तीत जास्त ८१ डॉलर मिळू लागले. पैसे कशावर खर्च करायचे, याची अट नाही. मॅनिटोबा विद्यापीठात आरोग्य धोरणाचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. प्रांताची दवाखान्यांची, शाळांची, मदत योजनांची माहिती तिथे जोडून ठेवलेली असते. पण नावं-पत्ते सरकारी खात्यातच काढून टाकतात, ओळख क्रमांकाच्या जागी सांकेतिक क्रमांक घालतात आणि मगच माहिती विद्यापीठाकडे जाते. तिथल्या अभ्यासकांनी पैसे मिळालेल्या आणि तशाच परिस्थितीतल्या पण पैसे न मिळालेल्या आयांची तुलना केली. पैसे मिळालेल्यांमध्ये कमी वजनाची आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं कमी होती, अंगावर पाजण्याचं प्रमाण जास्त होतं. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे जून २०२५चा हप्ता सुमारे सव्वादोन कोटी बायकांना गेला. एवढा मोठा प्रयोग! ‘फुकटचे पैसे, बायका साड्यांत उडवतात’ असं पारावर बसून म्हणणारे खूप आहेत. ‘बाईनं औषधपाणी केलं, मुलांच्या फीला लावले’ असं आपण म्हणतो. दोन्हीकडे पुरावा नाही. उद्या योजना बंद करा असं कुणी म्हणालं तर आपल्याकडे दाखवायला काय आहे? म्हणून मला वाटतं, माहिती विद्यापीठांकडे जायलाच हवी. ती पुण्या-मुंबईपुरतीही राहू नये. गोखले संस्था आहे, टाटा इन्स्टिट्यूट आहे, एसएनडीटी आहे, ठीकच. पण गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, जळगावचं बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ यांतल्या मुलींना आपल्याच तालुक्याचा अभ्यास करता आला पाहिजे. पाळीला खाडा म्हणतात, हे आपल्या लेकीला शिकवावं लागत नाही.

हे सगळं खरं असलं तरी मनात धाकधूक आहे, आणि ती असायलाच हवी.

तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची व्यवस्था आहे. निरनिराळ्या खात्यांच्या याद्या जोडून ती माणसाचं चित्र उभं करते. पण ती रेशनकार्डं रद्द करायला वापरली गेली. नावातल्या साम्यामुळे एका गरीब रिक्षावाल्याच्या नावावर मोटार दाखवली गेली आणि घराचं रेशन नाकारलं गेलं. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की रद्द केलेली सुमारे १९ लाख कार्डं घरोघर जाऊन पुन्हा तपासा.

बायकांच्या बाबतीत ही चूक होण्याची शक्यता दुप्पट. आपलं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर सासरचं तिसरं. कुणाचं नाव लग्नात बदललेलं. घरात बाळी, कागदावर सुमन. कॉम्प्युटरला त्या दोन बायका वाटतात, नाहीतर दोन सुमन एक वाटतात. अभ्यासात अशी चूक झाली तर आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. रेशनमध्ये झाली तर चूल पेटत नाही.

म्हणून अभ्यासासाठी जोडलेली माहिती आणि निकाल लावण्यासाठी जोडलेली माहिती यांत भिंत हवी. आपल्या कायद्यातही तिची खूण आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. त्यात संशोधनाला आणि सांख्यिकी कामाला सूट आहे, पण अट अशी, की त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले दंडक पाळायचे. जनगणनेच्या १९४८च्या कायद्यात तर आधीपासूनच आहे, की कुणाचीही वैयक्तिक नोंद दुसऱ्याला बघायला मिळणार नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही.

नुसतं नाव काढलं म्हणजे भागलं, असंही नाही. मुंबईत ‘३४ वर्षांची, दोन मुली, गर्भाशय काढलेलं’ म्हटलं तर हजार जणी निघतील. आठशे वस्तीच्या गावात एकच, आणि ती कोण ते पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक. एचआयव्ही, गर्भपात, नवऱ्याची मारहाण, या गोष्टी बाई मोठ्या विश्वासानं सांगते. गावाचं नाव नको, तालुक्याचं घ्या. नेमकं वय नको, वयोगट घ्या. आकडा फार लहान असेल तर छापूच नका. चांगले अभ्यासक हे पाळतात. सगळ्यांनी पाळावं, यावर नजर ठेवणारं कुणी हवं.

तेही कॅनडातल्या आदिवासींनी शिकवलंय. १९४०च्या दशकात तिथे उपाशी आदिवासी वस्त्यांत आणि निवासी शाळांतल्या मुलांवर, त्यांना न सांगता, पोषणाचे प्रयोग झाले होते. ती जखम विसरण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःची तत्त्वं केली : आमच्या समाजाच्या माहितीवर मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती बघण्याचा हक्क आमचा आणि ताबाही आमचा. मॅनिटोबात त्यांच्याबद्दलचा अभ्यास करायचा तर त्यांच्या समितीशी बोलून करावा लागतो. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. हे काम आपल्या महिला ग्रामसभेला का जमू नये?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी वही नाहीतर टॅब घेऊन दारात आलं, की पाणी द्या, बसायला सांगा आणि चार गोष्टी विचारा. ही माहिती कोण गोळा करतंय? ती कशासाठी, अभ्यासासाठी की लाभ ठरवण्यासाठी? माझं नाव कुठे आणि कधी काढलं जाणार? आणि अभ्यास झाल्यावर त्यात काय निघालं ते आम्हाला मराठीत येऊन कोण सांगणार? योजनेचा फॉर्म असेल तर चूक दुरुस्त करायची जागा कुठली, हेही विचारा आणि पोचपावती घ्या. ताईंवर मात्र रागावू नका. त्याही आपल्यासारख्याच, वरून आलेलं काम उरकणाऱ्या.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माहिती घेऊन गेलेला माणूस परत फिरकत नाही, हा आपला अनुभव आहे. विद्यापीठांनी माहिती घ्यावी, जरूर घ्यावी, पण निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवायची अट त्यांना असावी. आपल्या तालुक्यात किती बाळं कमी वजनाची, किती मुली नववीनंतर गळाल्या, किती जणींची ऑपरेशनं झाली, हे आपल्याला कळलं, तर सरपंचबाईंना जिल्हा परिषदेत काय मागायचं ते कळेल. तोवर बचतगटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आपल्या गावात गेल्या वर्षी कोणकोणते सर्व्हे झाले आणि त्यांतल्या किती जणांनी परत येऊन काही सांगितलं, एवढी यादी करायला अर्धा तास पुरेल. ती यादी घेऊन ग्रामसेवकाकडे जायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.